थंड मेदियानो

लुसिलाचं नाव रेडिओवर आलं तेव्हा रोसेंदा अंगणात कांद्याच्या जुड्या बांधत होती. राष्ट्राध्यक्षपदाला उभे असलेले एर्नान बुस्तोस यांनी उपाध्यक्षपदासाठी पुकालोमा गावच्या शिक्षिका लुसिला पेरुगाची यांची निवड केली आहे, असं निवेदकाने सांगितलं. गावाचं नाव त्याने चुकीचंच घेतलं. रोसेंदाचा नवरा कामिलो आनंदाने उठून उभा राहिला. रोसेंदाने हातातली जुडी आवळली आणि म्हणाली, "पाणी कुठंतरी मुरतंय."

मुरतच असणार. मंत्री असताना याच बुस्तोसने डोंगरमाथ्यावरच्या पठारात सोन्याची खाण काढायला कंपनी पाठवली होती. पठारावरचे झरे म्हणजे पुकालोमाचं पिण्याचं पाणी, शेताचं पाणी, सगळं काही. तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर आडवं पडलं होतं आणि सगळ्यांत पुढे होती लुसिला. सैनिकांनी तिला वेणीला धरून फरफटवलं, तेव्हा रोसेंदाने तिच्या कमरेची मिठी सोडली नव्हती. खाण टळली. पण बुस्तोसचं नाव निघालं की गावच्या म्हाताऱ्या अजून थुंकायच्या.

आणि आता मतपत्रिकेवर त्याच्या फोटोला खेटून लुसिलाचा फोटो. माणसं दोन, खूण एक. लुसिलाला हो म्हणायचं तर बुस्तोसलाही हो म्हणणं आलं. ही अक्कल कुणाची हे कळायला फार शिकलेलं असावं लागत नाही.

पुकालोमात मत कुणाला द्यायचं ते गाव बसून ठरवतं आणि मग सगळे तिकडेच देतात. रविवारी सभा भरली. आदल्या महिन्यापर्यंत बुस्तोसला या गावात कुत्र्यानेही विचारलं नसतं. एका नावाने अर्धं गाव विरघळलं होतं आणि उरलेलं अर्धं त्या विरघळलेल्यांकडे चोरांकडे बघावं तसं बघत होतं.

"आवळा देऊन कोहळा काढतोय तो," गावचे अध्यक्ष ओलेगारियो म्हणाले. गाव त्यांना तायता, म्हणजे बाबा, म्हणायचं.

"आवळा म्हणजे आमची लुसिला का?" मागून फिलोमेना कडाडली. "जपून बोला, तायता. तुमच्या नातवंडांना अक्षर ओळखायला तिनंच शिकवलं."

"म्हणून तर तिला उचललं. मला कशाला उचलेल तो? मी त्याला दगड मारला होता."

"लागला कुठं होता?" कामिलो म्हणाला, आणि सभा हसली.

"हसा. पण मला एक सांगा, ज्यानं तिला फरफटवली त्याला आजच तिचा पान्हा कुठून फुटला?"

"कुठून का फुटेना," फिलोमेना म्हणाली. "आजवर आपल्यातली बाई त्या राष्ट्राध्यक्षांच्या घरात गेली ती फरशी पुसायला. ही खुर्चीत बसेल."

"बसेल गं. पण खुर्ची कुणाची?"

मग तायतांनी खरी बातमी सांगितली. येत्या शनिवारी बुस्तोस गावात येणार होता, आणि लुसिला गावासाठी मेदियानो आणणार होती.

मेदियानो म्हणजे मागणं घेऊन आलेली परात: वर भाजलेली कुई, म्हणजे घरात पाळलेलं गिनीपिग, आणि कोंबडी, खाली उकडलेले बटाटे, मका, अंडी. मुलगी मागायची असो, भांडण मिटवायचं असो, परात न्यायची, गुडघे टेकायचे, मागणं स्वच्छ शब्दांत बोलायचं. समोरच्याने दोन्ही हातांनी घेऊन घास खाल्ला की दोघेही बांधले गेले. खाणाऱ्याने मागितलेलं द्यायचं, आणणाऱ्याने त्या देण्याला जन्मभर जागायचं. फक्त परात वाफाळती हवी. थंड परात कुणालाच बांधत नाही, ते नुसतं जेवण.

"परात रोसेंदा घेईल," तायता म्हणाले. "तिनं खाल्लं तर गावानं खाल्लं. तिनं परत केलं तर गावानं."

"माझ्याच गळ्यात का?"

"तुझ्या सिसाचे पहिले केस लुसिलानं कापले. तिला तुझ्याइतकं कोण ओळखतं?"

"ओळखत होते," रोसेंदा म्हणाली.

लुसिला तिच्या मुलीची धर्ममाता होती, म्हणजे त्या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. लहानपणी दोघींनी एकत्र मेंढ्या राखल्या, एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, पण सिसाच्या बाप्तिस्म्यानंतर रीतीप्रमाणे एकमेकींना 'तुम्ही' म्हणू लागल्या. या नात्यात सख्ख्या बहिणींपेक्षा जास्त अदब असते. कोमाद्रेने गुडघे टेकून दिलेली परात परत करायची तर नातं तिथेच संपलं, आणि सिसा धर्ममातेवाचून उरली. खायची, आणि उद्या पठारावर यंत्रं चढली, तर गावाचं पाणी आपल्या तोंडातून गेलं. आठवडाभर रोसेंदाला अन्न गोड लागलं नाही. ती लुसिलावर चिडत होती. कुणालाही न विचारता ही बाई त्या माणसाशेजारी जाऊन उभी राहिलीच कशी?

शनिवारी गाड्या आल्या, पाठोपाठ कॅमेरेवाले आले, टाळ्या वाजवायची माणसंही ट्रकमधून आली. बुस्तोसच्या अंगात नवाकोरा पोंचो होता, त्यावर दुकानातल्या घड्या तशाच दिसत होत्या. भाषण मात्र त्याने चांगलं केलं. खाण हा विषय संपला, म्हणाला. पठारावरच्या पाण्याला माझा हात लागणार नाही, आणि माझ्यावर भरवसा नसेल तर माझ्या शेजारी कोण उभं आहे ते बघा. ट्रकमधल्यांनी टाळ्या वाजवल्या. गावकऱ्यांचे हात पोंचोतच राहिले.

मग लुसिला परात घेऊन पुढे आली. वाळली होती. परातीवर तिच्या आईने भरतकाम केलेलं फडकं होतं. रोसेंदाने फडकं बाजूला केलं आणि तिचा हात तसाच राहिला. वाफ नव्हती. तिने बटाट्याला बोट लावलं, तो दगडासारखा गार होता.

"घ्या, कोमाद्रे. खा," लुसिला म्हणाली. गुडघे टेकले नाहीत, मागणं बोलली नाही, वर बघितलंही नाही.

मागे कुजबुज झाली. "रीत विसरली," कुणीतरी म्हणालं. "शहराचं पाणी लागलं," दुसरं कुणीतरी.

रोसेंदाने विचारलं, "कुणी रांधलं, कोमाद्रे?"

"मी."

"कुठं?"

"आईच्या चुलीवर."

लुसिलाच्या आईचं घर चौकाच्या पलीकडेच होतं. छपरातून अजून धूर निघत होता. तिथून इथवर यायला जेवण निवतं होय? ते मुद्दाम निववलं होतं.

आणि मग रोसेंदाला सगळं लख्ख दिसलं, निदान तिला तसं वाटलं. थंड परात खाणाऱ्याला बांधत नाही, तशी आणणाऱ्यालाही बांधत नाही. गावाने घास घेतल्याचा फोटो छापून आणायचा, मतं पदरात पाडायची, आणि उद्या यंत्रं आली की हात झटकायचे: मी कुठे काय मागितलं होतं, मी तर नुसतं जेवण आणलं होतं. माझ्याच कोमाद्रेने मला ही टोपी घालावी? रागाने तिचे कान तापले.

"थांबा, कोमाद्रे," ती मोठ्याने म्हणाली. "पाहुण्यांदेखत आपण गार अन्न खात नाही."

तिने परात उचलली आणि चौक ओलांडून लुसिलाच्या आईच्या स्वयंपाकघराकडे निघाली. जाताना तिने बघितलं, लुसिलाचा चेहरा उतरला होता. सापडली, रोसेंदा मनात म्हणाली. चुलीपाशी लुसिलाची आई बसली होती. म्हातारी तिच्याकडे नुसती बघत राहिली. रोसेंदाने लाकडं सारली, फुंकर घातली, बटाटे, मका, कुई, सगळं नीट तापवलं, पुन्हा रीतीप्रमाणे रचलं आणि बाहेर आणलं. वाफ तिच्या तोंडावर येत होती. बुस्तोस कौतुकाने कॅमेरेवाल्यांना म्हणाला, "बघा, काय सुंदर पद्धत आहे."

रोसेंदाने परात लुसिलाच्या हातात ठेवली. "आता द्या, कोमाद्रे. रीतीनं. सगळ्यांना ऐकू जाईल असं मागा."

गाव ऐकत होतं, कॅमेरे बघत होते. लुसिलाने बुस्तोसकडे बघितलं, मग पठाराकडे. आता ती नाही म्हणाली असती तर त्या माणसाला भर चौकात सोडल्यासारखं झालं असतं. तिने हळूच गुडघे टेकले. परात पुढे करताना तिचं तोंड रोसेंदाच्या कानापाशी आलं.

"रोसेंदा, तुला कसं कळलं नाही गं?" कितीतरी वर्षांनी ती 'तू' म्हणाली. "याच्या शब्दावर माझा अर्धाच विश्वास आहे. म्हणून मी आत जाऊन बसतेय, कुणीतरी डोळा ठेवायला हवा. पण अर्ध्या विश्वासावर गाव बांधायचं नव्हतं मला. तुमच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं मी."

"मग नको मागूस," रोसेंदा पुटपुटली. "उठ."

"आता कसं उठू?"

आणि लुसिला मोठ्याने बोलू लागली. एक शब्द चुकली नाही. पुकालोमाच्या लेकीने, धर्ममातेने, सिसाच्या डोक्यावर हात ठेवणारीने गावाकडे त्यांची मतं मागितली, आणि मिळाली तर जन्मभर जागेन, असं वाडवडिलांच्या नावाने सांगितलं. शेवटी तिचा आवाज फाटला. फिलोमेना डोळे पुसत होती. तायता ओलेगारियोंनी डोक्यावरची हॅट काढली. असं मागणं त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं.

मागणं रीतीने झालं होतं, परात वाफाळत होती, आणि ती तापवून आणली होती खुद्द रोसेंदाने. तिला मागे सरायला जागाच उरली नव्हती. तिने लुसिलाच्या डोळ्यांत बघितलं. तिथे जे होतं ते तिला आता चांगलं ओळखता येत होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता. तिने दोन्ही हात पुढे करून परात घेतली आणि पहिला घास तोंडात घातला. बुस्तोसने टाळ्या वाजवल्या. तिच्या पाठीमागे गाव एकेक करून पुढे आलं आणि आपापला वाटा घ्यायला हात पसरून उभं राहिलं.