मला घरात घेऊ नका

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव गोड नाही. ध्रुवाजवळच्या हवामान केंद्रात ज्याचा जन्म गेला, त्याच्याकडून गोडव्याची अपेक्षा कसली करता?

काच फुंकणाऱ्या कारागिराने मला घडवलं. माझ्या पोटात पारा नाही, लाल स्पिरिट आहे, कारण इथल्या थंडीत पारासुद्धा गोठतो. केंद्रापासून दूर, उघड्या माळावर, लोखंडी खांबावरच्या पांढऱ्या लाकडी पेटीत मला टांगलं. केंद्राच्या प्रमुखांना सगळे बाबा म्हणत. ते वादळातही खांबापर्यंत बांधलेला दोर धरून माझ्यापर्यंत येत आणि मला वाचताना श्वास रोखत. उच्छ्वासाच्या उबेनेही माझा आकडा चढतो ना! एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

बाबा म्हणायचे, "हिवाळ्यांचाही फेरा असतो. बरीच वर्षं वारा समुद्रावरून येतो, तेव्हा आपले लाड होतात. मग तो वाट बदलतो, बर्फावरून यायला लागतो, आणि पुढे कितीतरी वर्षं हाडं गोठतात." तरुणपणी त्यांनी तसले हिवाळे काढले होते. मी आलो तो लाडाच्या काळात.

बाबा निवृत्त झाले, लेकीजवळ तिथेच राहिले, आणि जावई प्रमुख झाला. हा माणूस मला पहिल्यापासून आवडला नाही. वादळात चालायचा त्याला भारी कंटाळा. एका दुपारी त्याने माझी पेटी काढली आणि स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला ठोकली.

"अहो, आत शेगडी पेटलेली असते," लेक म्हणाली.

"भिंत केवढी जाड आहे बघ! दारातून मान काढली की आकडा मिळतोय, आणखी काय पाहिजे?"

समुद्र गोठण्याआधी जहाजाने शेगडीसाठी वर्षभराचं तेल मागवावं लागे. भिंतीवर माझे दोन-तीन हिवाळे गेल्यावर एका वर्षी बाबा अंगणात धुराड्याकडे बघत उभे राहिले.

"जावईबापू, धूर समुद्राकडे चाललाय. वारा फिरलाय. तेल जास्त मागवा."

"बाबा, थर्मामीटर बघा की! हिवाळे उलट ऊबदार होत चाललेत. नेहमीपेक्षा कमीच लागेल."

मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. पण मला जिथे ठेवाल तिथलीच ऊब मी सांगतो. मी शेगडीची ऊब सांगत होतो आणि तो तिला हिवाळा समजत होता.

हिवाळा ऐन भरात असताना तेलाची टाकी रिकामी झाली. गोठलेल्या समुद्रातून जहाज येणार कुठून? शेगडीत खुर्च्या गेल्या, मेज गेलं, माझी पेटीही गेली. बाबांनी आपली खाट स्वतःच्या हातांनी फोडून दिली. "मला जमिनीवर छान झोप लागते," म्हणाले. लेक हुंदके देत राहिली. जावयाने रेडिओवरून वरिष्ठांना कळवलं, "थर्मामीटरच बिघडलेला निघाला." चोर सोडून संन्याशाला फाशी! मला कपाटात फेकून दिलं.

जमिनीच्या गारठ्याने बाबांची छाती भरली. बर्फ फुटून जहाज आलं, तेव्हा ते या जगात नव्हते. मला त्यांची फार आठवण येते.

पुढे एका सकाळी जावयाने मला कपाटातून काढलं. त्याने नवी पेटी केली होती, आणि ती माळावरच्या जुन्या खांबावर बसवली. आता वादळ असो नसो, दोर धरून तो येतो. श्वास रोखून मला वाचतो. कधीकधी वाचून झालं तरी श्वास सोडत नाही, तसाच उभा राहतो. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. आकडा मात्र खरा देतो.

मित्रांनो, मला पुसा, माझ्या पेटीला रंग द्या, पण माया करायची म्हणून किंवा तुमचे पाय दुखतात म्हणून मला घराजवळ आणू नका. मला थंडीतच राहू द्या. चालत तुम्ही या.