वेलांटी चुकलेला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. माझ्या पोटावर ‘मीसबा’ असं कोरलेलं आहे. हसायचं तर हसून घ्या. पुण्यात वेलांटी चुकली की लोक हसतातच.

माझा जन्म कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. विश्रांतवाडीच्या एका दुकानातून मिसबाने मला आणलं. तिच्या चुका पुसता पुसता मी काळा पडलो. त्याचं मला काही वाटलं नाही. रबराला सहसा काही वाटत नाही.

त्या घरात आणखी एकाला काही वाटेनासं झालं होतं. मिसबाचे अब्बू, नासिरभाई. स्वारगेटजवळ त्यांचं रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. अक्षरं हाताने कोरायचे. मग संगणकावर शिक्के निघू लागले आणि दुकान बंद पडलं. आता ते एका सॉफ्टवेअर कंपनीच्या फाटकावर पहारा द्यायचे. घरी आले की टोपी खुंटीला अडकवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. जेवायला बसा म्हटलं की बसायचे, उठा म्हटलं की उठायचे. कोरायचं पातं डब्यात गंजत होतं.

एका सुट्टीच्या दुपारी मिसबाने ते पातं काढलं. अब्बूंनी आपल्याशी बोलावं, एवढंच तिला हवं होतं. तिने माझ्यावर स्वतःचं नाव कोरलं. शिक्क्यात सगळं उलटं कोरायचं, हे तिला ठाऊक होतं. अक्षरं तिने उलटी केली, त्यांचा क्रमही उलटा घेतला. वेलांटी मात्र लिहायच्या सवयीने ‘म’च्या डावीकडेच ठेवली.

तिच्या अम्मीने, खातूनबींनी, वाळलेल्या शाईच्या पॅडवर पाणी शिंपडलं. मिसबाने मला कागदावर दाबलं आणि कागद अब्बूंसमोर धरला.

“अहो, बघा तरी,” खातूनबी म्हणाल्या.

नासिरभाईंनी बराच वेळ पाहिलं.

“दीर्घ झाली,” ते म्हणाले. “पहिली वेलांटी शिक्क्यात उजवीकडे येते, बेटा.”

इतकं लांब वाक्य त्या घराने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी पात्यासाठी हात पुढे केला. त्यांच्या धंद्यात एक रीत होती. चुकलेला शिक्का कोणाच्या हाती पडू नये म्हणून कापूनच टाकायचा. मिसबाला ती माहीत होती.

“कापणार?” तिने विचारलं.

“आण इकडे.”

पातं माझ्या पोटाला टेकलं. तेव्हा, मित्रांनो, मी घाबरलो. आयुष्यात पहिल्यांदाच.

पातं थांबलं. त्यांनी मला पालथं केलं आणि माझ्या कोऱ्या पाठीवर ते कोरू लागले. वेलांटी त्यांनी ‘म’च्या उजवीकडे घेतली. या वेळी कागदावर ‘मिसबा’ उमटलं. मिसबा बघत राहिली. कागदाकडे नाही, अब्बूंच्या हातांकडे.

दुसऱ्या दिवशी ते कामावरून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसले. मिसबाचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं. जरा वेळाने भिंतीकडे बघतच ते म्हणाले, “उद्या नवा खोडरबर आण. जोडाक्षरं राहिलीत.”

म्हणून सांगतो, मित्रांनो, कंपासपेटी झटकताना माझ्यासारखा एखादा सापडला तर लगेच फेकू नका. माझ्या पाठीवरचं नाव शुद्ध आहे. पण ते बोलले, ते पोटावरचं वाचून.