गोदामातला वारा

गुरुवारी चार वाजता लिफ्टर फोनवर म्हणाला, "पटलं." माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

तुम्ही म्हणाल, समोरच्यानं पटलं म्हटलं की माणूस खूष होतो. अडतीस वर्षं त्याच एका शब्दासाठी मी घसा कोरडा केला होता, खोटं कशाला बोलू. पण आमचा नियम तुम्हाला ठाऊक नाही. दोघांपैकी एकानं 'पटलं' म्हटलं की विषय बंद. कायमचा. पुन्हा उकरून काढायचा नाही. नियम मीच केला होता, कारण आज ना उद्या हा म्हणणार याची मला खात्री होती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

विषय असा होता: आजवर जमलेला जगातला सगळ्यांत भारी संघ कोणता?

माझं उत्तर पहिल्या दिवसापासून एकच. आमच्या पंपघराचा व्हॉलीबॉलचा संघ. हसा खुशाल. सगळेच हसतात, माझा मुलगासुद्धा हसतो. पण आधी ऐकून घ्या. आम्ही सहाजण. व्हॉल्व्हवाला, क्लोरीनवाला, वेल्डर, स्टोअरकीपर, पंप चालवणारा आणि मी, मीटर दुरुस्त करणारा. शहराचं पाणी आमच्या हातात, म्हणजे पंप बंद ठेवून चालायचं नाही. पाळ्या तीन. एक पाळी सुटून दुसरी लागायची तेव्हा पंधरा मिनिटं दोन पाळ्यांची माणसं एकत्र असायची, तेवढाच आमचा सराव. कधी तिघं, कधी चौघं. सहाच्या सहा एकत्र यायचो ते थेट मॅचलाच, आणि तेवढा वेळ आमचे साहेब स्वतः पंपावर बसायचे. असा संघ त्या उन्हाळ्यात नऊ मॅच खेळला आणि नऊच्या नऊ जिंकला. आता मला सांगा, एकत्र सराव न करता जिंकलेला दुसरा कोणता संघ जगात दाखवता?

पंप चालवणारा तो लिफ्टर. खेळात लिफ्टर म्हणजे दुसऱ्याला मारता यावा म्हणून चेंडू नेटजवळ नेमका उचलून देणारा. तो द्यायचा, मी मारायचो. टाळ्या मला. त्याचं त्यानं कधी काही वाटून घेतलं नाही. नाव मात्र तेच चिकटलं. पुढे त्याची बायकोही त्याला लिफ्टरच म्हणायची.

तर ह्या माणसानं, जो स्वतः त्या संघात होता, अडतीस वर्षं माझं ऐकलं नाही. कुठल्याशा लांबच्या देशाचा संघ त्यानं टीव्हीवर पाहिला होता. तोच भारी, म्हणायचा. "आपण चांगले होतो. पण सगळ्यांत भारी नाही." मी विचारायचो, का नाही? तो म्हणायचा, "बस, नाही." लोक हसतात ते हसतात, त्यात संघातलाच माणूस उलटा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं मला व्हायचं. मी चिडून उठून जायचो आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता परत त्याच बाकावर, पंपघराच्या फाटकाबाहेर. निवृत्त झालो तरी बाक सोडला नाही.

मग व्हॉल्व्हवाला गेला. स्टोअरकीपर गेला. वेल्डर आणि क्लोरीनवाला एकाच वर्षात गेले. माझी बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. लिफ्टर बाथरूममध्ये पडला, आणि त्याची मुलगी त्याला तिच्या गावी घेऊन गेली, बसनं चार तासांवर. तेव्हापासून बाकाचा फोन झाला. रोज चार वाजता मी लावायचा, तो उचलायचा आणि दोघांनी भांडायचं. सकाळी उठल्यापासून चारपर्यंत मी कोणाशी एक शब्द बोलत नसे. मुलाचा फोन रविवारी. तोही "जेवलात का, गोळ्या घेतल्या का" एवढ्यात संपतो. मी हो म्हणतो, तो बरं म्हणतो. म्हणजे खरं सांगायचं तर माझ्याशी बोलणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि बोलायचा विषयही एकच.

आणि गुरुवारी तो म्हणाला, पटलं.

मी म्हटलं, "काय पटलं?"

"तू म्हणतोस ते."

"मी काय म्हणतोय?"

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

मला राग आला. रात्री जेवलो नाही. पोराला गप्प करायला हातात बिस्किट द्यावं तसा त्यानं तो शब्द माझ्या हातात दिला होता. अडतीस वर्षांची भूक आणि हे बिस्किट. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उद्या चार वाजता मी काय बोलणार होतो? गोळ्या घेतल्या का, असं विचारणार होतो? शुक्रवारी मी फोन लावलाच नाही. चार वाजले, सव्वाचार झाले. फोनकडे बघत बसलो. तिकडूनही आला नाही. शनिवारी सकाळची बस पकडली.

त्याच्या मुलीनं दार उघडलं. "काका, कळवलं असतं तर आणायला आले असते ना."

"पाय आहेत अजून," मी म्हटलं. "कुठे आहे तो?"

तिनं मला आधी स्वयंपाकघरात नेलं. पाणी दिलं. आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, बाबा आता सगळ्यांनाच हो म्हणतात. डॉक्टरांना हो. दूधवाल्याला हो. परवा शेजारीण विचारत होती, आमचं मांजर बघितलंत का, तर तिलाही हो. ती बिचारी तासभर आमच्या गच्चीवर शोधत होती. त्यांना आठवत नाही. आठवत नाही हे कळू नये म्हणून हो म्हणतात. तुमच्या फोनची मात्र वाट बघतात. चार वाजले की फोनजवळ जाऊन बसतात. काल खूप वेळ बसले होते."

माझा राग उतरला. उतरला म्हणजे कुठे ठेवावा तेच कळेना. काल मी घरी फोनकडे बघत बसलो होतो आणि हा इथे.

लिफ्टर खिडकीपाशी खुर्चीत होता. पायांवर शाल. माझ्याकडे बघून हसला, पण ते हसणं कोणालाही चाललं असतं.

"ओळखलंस का?"

"हो तर."

"कोण मी?"

"हे काय विचारणं झालं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. लेकाच्याची हुशारी अजून शाबूत होती.

मी खुर्ची ओढली. सगळं करून बघितलं. पंधरा मिनिटांचा सराव सांगितला. साहेब पंपावर बसायचे ते सांगितलं. म्हटलं, तुझा तो टीव्हीवरचा संघ एकदम फालतू. तो म्हणाला, हो. म्हटलं, नाही रे, तोच भारी होता, आपण कुठे त्यांच्या पासंगाला पुरणार. तो म्हणाला, खरं आहे. म्हटलं, आपण फुटबॉल खेळायचो. तर म्हणे, हो, छान खेळायचो. पालथ्या घड्यावर पाणी. बरोबरचा माणूस समोर बसलेला असताना इतकं एकटं मला घरच्या रिकाम्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

त्याची मुलगी चहा ठेवून गेली. मी उठून दार लावून घेतलं. अडतीस वर्षांत जे कोणाला बोललो नव्हतो, बायकोलाही नाही, ते एवढंच आता उरलं होतं.

ती नववी मॅच होती. फायनल. समोर वीजखात्याचा संघ. मैदान खणून ठेवलं होतं, म्हणून त्यांच्याच केबलच्या गोदामात नेट बांधलं. चेंडू सारखा रस्त्यावर जायचा, त्यामुळे शटर पूर्ण खाली ओढलेलं. आत इतकं कोंदट की पंच सारखा शिट्टी पुसत होता. तिसरा सेट, चौदा-तेरा, सर्व्हिस आमची. लिफ्टरनं चेंडू असा दिला की आंधळ्यानंही मारला असता. मी उडालो, मारला, पॉइंट. सगळे माझ्या अंगावर येऊन पडले.

"ऐक," मी त्याला म्हटलं. "तो शेवटचा पॉइंट. मारताना माझं कोपर नेटला लागलं होतं, म्हणजे फाउल. पंचाचं लक्ष चेंडूकडे होतं, त्यानं बघितलं नाही. मला कळलं होतं. मी हात वर करून सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. तो पॉइंट आपला नव्हता. आपण ती मॅच जिंकलोच नाही, आणि मी अडतीस वर्षं छाती फुगवून बोंबलत फिरतोय. आपला संघ सगळ्यांत भारी नव्हता. माझ्यामुळे नव्हता."

बोलून झाल्यावर मी खाली बघत बसलो, तो हो म्हणण्याची वाट बघत. हो म्हणाला असता तर सगळं संपलं असतं.

लिफ्टरनं खिडकीवरून नजर काढली. माझ्या उजव्या कोपराकडे बघितलं. उजव्याच. मी कोणतं ते सांगितलं नव्हतं.

"नाही पटत," तो म्हणाला.

"काय?"

"कोपर नाही लागलं. नेट वाऱ्यानं हललं."

नेट हललं हेही मी बोललो नव्हतो. मला तर ते हललेलं दिसलंसुद्धा नव्हतं, मी हवेत होतो. आमच्यापैकी नेटपाशी, माझ्यापासून हातभर अंतरावर, उभा होता तो एकटा हाच. म्हणजे यानं बघितलं होतं. तेव्हाच बघितलं होतं. आणि म्हणून हा प्रामाणिक माणूस आपल्या संघाला सगळ्यांत भारी कधी म्हणू शकला नाही, आणि का ते मला कधी बोलला नाही. अडतीस वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्या, टीव्हीवरच्या परक्या माणसांचं कौतुक केलं, पण माझ्या कोपराचा विषय काढला नाही.

मग सवयीनंच बोललो, "अरे गाढवा, बंद गोदामात वारा कुठून येणार?"

"दार उघडं होतं."

"शटर होतं ते. पूर्ण खाली ओढलेलं."

"उघडं होतं," तो म्हणाला. आवाज अगदी बाकावरचा. "तुला काय माहीत, तू वर होतास."

"बंद होतं."

"बरं, जा आता. चार वाजता फोन कर, बघू."

एवढं बोलून त्यानं शाल सारखी केली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून हसला, ते मघाचंच, कोणालाही चालणारं. "चहा घेतलात का?" त्यानं विचारलं. मला. घेतलात का.

निघताना मुलीनं विचारलं, "काही बोलले का काका?"

"भांडला," मी म्हटलं. तिचे डोळे भरून आले, आणि माझेही. बसमध्ये चारही तास मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

रविवारी मुलाचा फोन येऊन गेला. गोळ्या घेतल्या, म्हणून सांगितलं. चार वाजता मी फोन लावला. तिकडे उचलला गेला, श्वास ऐकू आला.

"शटर बंद होतं," मी म्हटलं.

"पटलं," लिफ्टर म्हणाला.

नियम म्हणजे नियम. विषय बंद. मी फोन कानाला धरून बसलो. समोर भिंत, भिंतीवर बायकोचा फोटो, खाली एक कप. फोन ठेवला असता तर उद्या चार वाजता लावायला कारण उरलं नसतं. मग मनात आलं, आयुष्यभर ह्यानं उचलून दिलं आणि आपण मारलं. आपल्याला कधी कोणासाठी चेंडू उचलता आला नाही.

"मला नाही पटत," मी म्हटलं. "रात्रभर विचार केला. तुझंच खरं. शटर उघडं होतं, बाहेर मोठा वारा सुटला होता आणि नेट त्यानंच हललं. आपला संघ सगळ्यांत भारी. आता बोल."

त्याच्या मुलीनं लांबून विचारलेलं ऐकू आलं, "बाबा, कोण आहे?" तो काही बोलला नाही, पण फोनही ठेवला नाही. मीही ठेवला नाही.