शिमग्याची बाई

"डाक्टरबाई, बाप्याला बाईवानी ऱ्हावंसं वाटलं, तर त्यो आजार हाय का?"

भावनाने उभं राहून हे विचारलं आणि अख्खी नववी वळून तिच्याकडे बघू लागली. पैज रूपलची होती. मधल्या सुट्टीत चिंचा चोखत ती म्हणाली होती, "येवडी तोंडाची हायेस ना, मग इचार त्या डाक्टरबाईला. नाय इचारलंस तर आजपासून तू आमच्यातली नाय." बाकीच्या पोरी खिदळल्या होत्या. त्यांना गंमत हवी होती. भावनाच्या पोटात मात्र हा प्रश्न कधीपासून कढत होता. रूपलने फक्त वरचं झाकण काढलं.

विज्ञानाचे सर ताडकन उठले. शरीराचा धडा आला की "हा घरी वाचा" म्हणून कोराच फळा पुसणारे हेच ते सर. "बस खाली! हे काय वर्गात विचारायचं असतं?"

"विचारू द्या सर, मी त्यासाठीच आलेय," वयात येण्याबद्दल बोलायला पालघरहून आलेली डॉक्टरीण म्हणाली. मग सगळ्या वर्गाकडे बघून तिने सांगितलं, "आजार नाही. कुणाला आपण बाई आहोत असं वाटतं, कुणाला पुरुष, कुणाला दोन्हीतलं काहीच नाही. आणि आपल्याला कोण आवडतं, ती गोष्ट आणखी वेगळी. कुणाला मुलगी आवडते, कुणाला मुलगा. त्याला औषध नाही, कारण ते दुखणंच नाही. छळ केला तर मात्र धडधाकट माणूस आजारी पडतो."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर एक बकरी कुंपण खात होती. सरांना तीच बरी वाटली असावी.

भावना घरी निघाली ती उड्या मारतच. उमरोळी स्टेशन मागे टाकून वाट पूर्वेला डोंगराकडे वळली की त्यांचा पाडा लागतो. फाल्गुनाचं ऊन असं पडलं होतं की पायाखालची ढेकळं लाह्यांसारखी फुटतील. पळस पेटला होता, मोहाखाली पोरंबाळं फुलं वेचत होती. पश्चिमेला बोईसरच्या कारखान्यांचा धूर आभाळाला टेकून उभा होता.

घरची सगळी राबाला लागली होती. भाताचं रोप जिथं टाकायचं ती जमीन आधी भाजायची, त्याचा हा राब. आई बायडी शेणाच्या टोपल्या आणून ओतत होती, बाप गोमा त्यावर तोडलेल्या फांद्या पसरत होता, आणि थोरला भाऊ कुंदन वरून पालापाचोळा टाकत होता. कुंदन तारापूरच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. आज त्याची सुट्टी होती. काम करताना तो गुणगुणत होता आणि त्याचे हात आपसूक लयीत हलत होते. त्या हातांवरूनच तर सगळं गाव कुजबुजत होतं.

गावाची रीत अशी की शिमग्याला होळीच्या आधी ढोल घेऊन दारोदार पोस्त, म्हणजे शिमग्याची देणगी, मागायला जायचं. पुढं नाचायला बाई लागते, आणि ती बाई म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या. हा मान गेली काही वर्षं कुंदनचा. तो नाचायला लागला की म्हाताऱ्याकोताऱ्या त्याच्या पायांवर पाणी घालत, कपाळाला कुंकू लावत आणि म्हणत, "माय माजे, पोराबाळांना सुखी ठेव." होळी विझली की त्याच म्हाताऱ्यांची नातवंडं विहिरीवर त्याच्या मागून कंबर हलवत चालत आणि "ए बायक्या!" म्हणून ओरडत. म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसत. म्हणजे राख गरम आहे तोवर देवी आणि गार झाली की बायक्या. ह्या गावाची भक्ती ही अशी, कढीचा ऊत उतरेपर्यंत टिकणारी.

त्यात गावच्या मांत्रिकाने, भगताने, कुंदनच्या अंगात बाई शिरल्याचा शोध लावला होता. ह्या भगताला स्वतःच्या बकरीचे जंत जात नव्हते, पण माणसाच्या आतली बाई ह्याला अंधारातही दिसायची! मागल्या अवसेला त्याने कुंदनला मिरच्यांची धुरी दिली, तेव्हा पोराचे डोळे टोमॅटोसारखे सुजले. बाई काही निघाली नाही. मग त्याने नवीन उपाय काढला. ह्या होळीला कुंदनने शेवटचं नाचायचं, आणि सगळ्या गावासमोर, आगीपुढं, अंगावरचं लुगडं फेडून होळीत टाकायचं. बाई जळेल, बाप्या उरेल. उरलेल्या बाप्याचं वैशाखात लगीन. डोंगरापलीकडची पोरगीसुद्धा हेरून ठेवली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, पोरीला विचारायची आपल्यात पद्धतच कुठं आहे!

भावना दप्तर टाकते न टाकते तोच रामाकाका आला. ढोल त्याचा, म्हणून शिमगा त्याचा, आणि शिमगा त्याचा म्हणून गाव त्याचं. सोबत दोघं मान हलवायला. तिघांच्या तोंडाला ताडीचा वास. काखेत हिरवं लुगडं.

"गोमा, पोरगा तयार ना? लुगडं आनलंय बग. जुनंच हाय, जाळायचंच तर हाय."

गोमा काही बोलायच्या आत कुंदन म्हणाला, "मी नाचनार नाय, काका."

"काय बोल्लास?"

"नाचायला मला आवडतं. लुगडं नेसायला बी आवडतं. पन समद्या गावापुढं उगडं व्हायला नाय आवडत."

"अरं, तुज्या भल्याचं हाय. आतली बाई जळंल."

भावना फिस्सकन हसली. "काका, लुगडं जाळून बाई जाते, मंग तुमचं ताडीचं मडकं होळीत टाकू. तुमच्या आतली ताडी जाते का बगू."

मान हलवायला आणलेल्यातला एक खुदकन हसला आणि रामाने बघितल्यावर खोकू लागला.

"गोमा, पोरीला आवर! आन मला सांग, बाईशिवाय ढोल दारात कसा न्यायचा? शिमग्याला बाई लागते."

"बाईच पायजे ना?" भावना कमरेवर हात ठेवून पुढं झाली. "मंग खरी घ्या की. मी नाचते."

"श्शी! पोरीनं नाचायचं नसतं. इटाळ होतो."

"आस्सं! बाप्या बाई झाला तर देवी, आन बाई बाई झाली तर इटाळ. मंग तुमाला नक्की पायजे काय, काका?"

तेव्हा रामाने अशा माणसांकडे शेवटी जे उरतं तेच काढलं.

"ठीक हाय. आवणीला रोप लावायला तुमच्या खाचरात कोन उतरतो बगतोच मी. गावातला एक हात मिळायचा नाय तुमाला. मंग लावा रोप नाचून!"

लुगडं तसंच काखेत मारून तो निघाला. मागून त्याचे दोघे निघाले. बांधावर एकाचा पाय शेणात गेला. तेवढंच त्यांनी राबाचं काम केलं.

बायडीने हातातली टोपली खाली ठेवली. "काय गो केलंस हे! ह्याच्या त्याच्या आवणीला आपन जातो, आपल्या आवणीला ती येतात. गावाशी वाकडं घेऊन भात पिकतं का कुटं?"

गोमा हातातल्या फांदीची पानं तोडत राहिला. मग कुंदनकडे न बघता म्हणाला, "येक दिसाचं तर व्हतं, बाला. फेडायचं न् टाकायचं."

"बाबा, येक दिसाचं नव्हतं ते," कुंदन म्हणाला. "मंग लगीन. मंग ती पोरगी जलमभर माज्या तोंडाकडं बगत बसंल, मी तिच्या. मी बाई हाय का बाप्या, का दोनीतला कोनी न्हाय, माजं मलाच हळूहळू कळतंय. तुमाला कसली घाई?"

"ह्यो आजार..." बायडी म्हणाली.

"नाय आये," भावना म्हणाली. "आज शाळेत डाक्टरबाईंनी सांगितलं. मीच इचारलं, समद्यांम्होरं. आजार न्हाय. पन छळलं तर मानूस आजारी पडतो, म्हनाल्या. मिरच्यांच्या धुरीनं दादाचे डोळे गेले आसते, तवा त्यो भगत काय आपले डोळे काढून देनार व्हता?"

बायडीने कुंदनच्या डोळ्यांकडे पाहिलं. खूप दिवसांनी पाहिलं. पापण्यांच्या कडा अजून लालच होत्या. तिने पदराने त्याच्या कपाळावरची माती पुसली.

गोमा मात्र शेतकरी माणूस, त्याचं मन खाचरातच अडकलेलं. "पन आवणीचं काय? चवघांच्या हातानं कदी उरकायची? रोप म्हातारं होऊन जाईल, तवर पाऊस उलटंल."

भावनाने ओढणी कमरेला खोचली, शेणाची टोपली उचलली आणि आईबापासमोर उभी राहिली.

"आये, बाबा, मी ठरवलंय ते ऐका. दादा होळीम्होरं उबा ऱ्हानार नाय. भगत ह्या दारात आला तर पयली धुरी त्यानं मला द्यायची. दादाला नको तर लगीन बी नाय, आन तुमी सुपारी घेऊन निगालात तर तुमच्या आदी मी डोंगरापलीकडं जाऊन त्या पोरीला तिच्या आयेसमोर इचारीन, 'तुला कोनी इचारलं का गो?' आवणीला मी हाय. शाळेच्या आदी उतरीन, शाळा सुटली की उतरीन. रोप म्हातारं झालं तर म्हातारं लावू, बाबा. त्याला लोंबी बारीक येते, पन येते."