बॅक कॉम्प्रेशन

होटगी रोडवरच्या शंकरप्पा मेस्त्रींना इंजिन तपासायला मशिनी लागत नसत, नुसता तळहात पुरे. इंजिन चालू ठेवायचं, ऑइल ओतायचं झाकण काढायचं आणि त्या तोंडावर हात धरायचा. हलकी फुंकर लागली तर इंजिन ठणठणीत. धक्का लागला तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, वरचा गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोय, खोला इंजिन! आख्ख्या हायवेचे ट्रकवाले या हातावर डोळे झाकून विश्वास ठेवत. आणि एकदा दिलेला निकाल आपण कधी मागं घेतला नाही, याचा मेस्त्रींना केवढा तोरा!

त्यांची लेक दानेश्वरी पुण्यात एका ट्रक कंपनीच्या वर्कशॉपात काम शिकली आणि आपणहून घरच्या गॅरेजात परतली. मेस्त्रींना आतून गुदगुल्या झाल्या, पण बोलून दाखवतील तर शप्पथ! गिऱ्हाईक मात्र तिच्या हाती गाडी द्यायला कचरत. 'मेस्त्री कुटं हायत?' हेच पहिलं वाक्य.

माढ्याचे हिंदुराव त्यातलेच. ट्रक नवा कोरा, बोनेटपासून चाकापर्यंत पुसून लख्ख. ऐन हंगामात त्याच्या इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल गळायला लागलं. उद्या कारखान्यावर साखर भरायची होती. गाडी उभी राहिली की ते काम दुसऱ्याच्या घशात जाणार, हे ठरलेलं. शंकरप्पांनी हात धरला. धक्का चांगलाच होता. इंजिन खोलावं लागेल, असं ते म्हणाले आणि हिंदुराव बुडणाऱ्या खेपा बोटांवर मोजू लागले.

मेस्त्रींनी पाना उचलला तशी दानेश्वरी पुढं आली. ती म्हणाली, थोडं थांबा. पिस्टनच्या कडेनं थोडाफार गॅस प्रत्येक इंजिनात खाली उतरतोच. जुन्या गाडीत तो ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून रस्त्यावर जायचा, धूर दिसायचा, ऑइल ठिबकायचं. या नव्या इंजिनात त्याला बाहेर सोडत नाहीत. तो एका फिल्टरमधून जातो, त्यातलं ऑइल गाळून परत चेंबरमध्ये पडतं आणि उरलेला गॅस हवा आत ओढणाऱ्या टर्बोच्या तोंडाशी नेऊन इंजिनालाच पुन्हा जाळायला देतात. ती वाट तुंबली तरी गॅस आत साठतो आणि सीलमधून ऑइल ढकलतो. हाताला धक्का तेव्हाही लागतोच. म्हणून आधी ती वाट तपासू.

हिंदुराव मधे पडले. "ताई, राग मानू नका, पण मेस्त्री म्हणतील तसंच करायचं. आमचा भरवसा त्यांच्या हातावर हाय."

दानेश्वरीनं पान्यासाठी हात पुढं केला. वाद नाही, विनवणी नाही; बापाकडं सरळ बघत उभी राहिली. शंकरप्पांना आधी तिचाच राग आला. गिऱ्हाइकासमोर आपला शब्द अडवते म्हणजे काय! मग राग हिंदुरावांकडं वळला. माझ्या पोरीला हा बाजूला सारतो? आणि मग तिच्या बोलण्यात खोट सापडते का, ते त्यांनी मनात पुन्हा पुन्हा तपासलं. सापडेना.

"आधी ती बघंल," ते म्हणाले आणि पाना तिच्या हातात दिला.

ती इंजिनाच्या मागं वाकली. ब्रीदरच्या रबरी नळीला जोडापासून पुढंपर्यंत टॉवेलची पट्टी गुंडाळलेली, वरून बाइंडिंग तार करकचून आवळलेली. हे कोणी केलं, असं तिनं विचारलं, तर हिंदुराव छाती काढून म्हणाले, मीच की. जोडातून जरासं ऑइल पाझरायचं, गाडी घाण व्हायची, ते बघवेना. घरचा सोलापुरी टॉवेल फाडून बांधला. तरी पाझरायचं, म्हणून दर खेपेला तार आणखी एक पीळ आवळत गेलो.

दानेश्वरीनं तार कापली. गरम होऊन मऊ पडलेली नळी आतून चपटी, पार चिकटलेली. जितकी तार आवळली तितका गॅस आत कोंडला, जितका कोंडला तितकं ऑइल पाझरलं, आणि पाझरलं म्हणून हिंदुरावांनी पुन्हा तार आवळली! काय म्हणावं या हौसेला?

तिनं नवी नळी बसवली, ऑइलनं भिजलेला फिल्टरही बदलला. इंजिन चालू झालं. शंकरप्पांनी हात धरला. हलकी फुंकर. खाली वाकून सील पुसलं, बराच वेळ बघत राहिले. थेंब आला नाही. रिंगा धडधाकट होत्या आणि आपण त्या खोलायला निघालो होतो, हे त्यांना झोंबलं. पण त्याच्या वर लेकीचं कौतुक उसळून आलं आणि झोंबणं खाली दबलं.

हिंदुराव खुशीत केबिनमध्ये चढले. तुमच्या हाताला तोड न्हाय, आता रस्ताभर सांगत जातो, असं म्हणत त्यांनी गिअर टाकला.

गप्प राहिलं तरी चाललं असतं. पण शंकरप्पा पायरीवर चढले आणि खिडकी धरून उभे राहिले.

"सांगायचं तर नीट सांगा, हिंदुराव. शंकरप्पाचा निकाल चुकला, चांगलं इंजिन तो खोलाय निघाला होता. त्याच्या लेकीनं त्याला अडवलं. दानेश्वरी नाव तिचं. धाब्याधाब्यावर सांगा, आणि माझं चुकलेलं आधी सांगा."