न लावलेली शेगडी

शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास थोरलीने वडिलांच्या स्वयंपाकघरात विजेच्या शेगडीवर तळहात धरला आणि झटक्यात मागे घेतला. मागची डावी कॉइल तापलेली होती. कोमट नव्हे, चांगली चटका बसेल अशी. आणि समोरच्या पट्टीवरची चारही बटणं बंद होती. चारही शून्यं वर, एका रेषेत, कवायतीला उभं केल्यासारखं.

ती तासभर इथेच होती. आल्या आल्या तिने भिंतीवरचा मोठा लाल स्विच बंद असल्याचं बघून शेगडी पुसली होती. त्या वेळी कॉइल तिच्या हाताखाली थंडगार होती. मग भरलेली किटली पुन्हा जागेवर ठेवून आणि स्विच लावून तिने पुढच्या उजव्या कॉइलवर बटाटे उकडले, ते बटण स्वतः बंद केलं आणि टेबलाशी बसून सालं काढली. एवढ्या वेळात स्वयंपाकघरात कुणीही आलं नव्हतं. मधल्या दारातून बाहेरच्या खोलीतली आरामखुर्ची दिसत होती आणि खुर्चीच्या पाठीवरून बाबांचं टक्कल. ते जागचं हललं नव्हतं.

कॉइलवर किटली होती. आईची किटली, मूठ भिंतीकडे वळवलेली, आई ठेवायची तशी. थोरलीने झाकण उचललं. आत पाणी होतं आणि त्यातून वाफ येत होती.

तिने लाल स्विच खाली ओढला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पन्नाशीला टेकलेली बाई, मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करण्याचा विभाग सांभाळणारी. हाताखालच्या मुली तिला मागून 'डागदरीण' म्हणत. औषधं देते म्हणून नव्हे, डाग शोधते म्हणून. अशी बाई आईच्या किटलीकडे पाहून घाबरली होती, आणि आपण घाबरलोय याचाच तिला राग येत होता.

आईला जाऊन पाच महिने झाले होते. शेगडी आईची. चार कॉइलची, खाली ओव्हन असलेली, घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त कडक शिस्तीत वाढलेली. किटलीची मूठ बाहेर डोकवायची नाही. शेगडीजवळ फडकं, कागद, पिशवी काही ठेवायचं नाही. पुसायच्या आधी लाल स्विच बंद. कॉइल पाण्यात बुडवायची नाही. आणि घराबाहेर पडताना चारही कॉइलवर वरून हात धरून बघायचा, कारण मंद आचेवरची कॉइल लाल होत नाही, काळीच दिसते. चालू असल्याची खूण दाखवणारा बारीक दिवा कधीच गेला होता. "माझा हात आहे ना," असं म्हणून आईने तो बदलला नव्हता.

धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं. तो दूरच्या शहरात राहायचा, महिन्यातून एकदा यायचा. पहिल्या खेपेला त्याला शेगडीवर वितळून चिकटलेली प्लास्टिकची पिशवी सापडली, दुसऱ्या खेपेला पाणी आटून तापलेली किटली.

"ताई, बाबा विसरतात," तो फोनवर म्हणाला होता. "उद्या घर पेटलं तर आपण दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार. मी रविवारी गाडी घेऊन येतो आणि त्यांना इकडे आणतो. घर बंद."

"ते तुझ्या त्या अकराव्या मजल्यावर करणार काय?"

"जगतील. ते पुरे नाही का?"

बाबांना हे घर सोडायचं नव्हतं. त्यांनी ते एकदाच आणि स्वच्छ सांगितलं होतं: मला उचलून न्यावं लागेल. थोरलीला माहीत होतं की ते खरंच तसं करायला लावतील. म्हणून ती दोन दिवस आधी आली होती, बाबा खरंच विसरतात का हे आपल्या डोळ्यांनी बघायला. आता बघून झालं होतं. बाबा विसरले नव्हते. बाबा स्वयंपाकघरात आलेच नव्हते.

ती बाहेर गेली आणि त्यांच्या समोर, त्यांना ओठ दिसतील असं बसली. बाबांना कमी ऐकू यायचं. कानातलं मशीन वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवलेलं होतं.

"बाबा, किटली तापलीय."

"तापते," बाबा म्हणाले.

"कोण तापवतं?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी तिने अवघड प्रश्न सोपा समजून विचारला की ते असंच पाहायचे. "तू घाबरणार नसशील तर सांगतो. त्या धाकट्याला नाही सांगितलं. तो मला घेऊन थेट दवाखान्यात जाईल."

"सांगा."

"सकाळी सहाला मी लाल स्विच लावतो. मग आंघोळीला जातो. परत येतो तोवर चहाचं पाणी तापलेलं असतं. मी तापवत नाही. दुपारी जेवण झालं की स्विच बंद करतो आणि किटली पुन्हा भरून तिच्या जागी ठेवतो, तेवढंच. बटणाला हात लावत नाही. मी आपला पुढच्या उजव्या कॉइलचा माणूस, मला तेवढीच येते. मागची डावी तुझ्या आईची."

"बाबा..."

"तिने शिस्त मोडलेली नाही बघ. बटणं जागच्या जागी. आणि आच मंद. ती कधी भडक आचेवर पाणी ठेवायची का?"

थोरलीने वर्तमानपत्राच्या घडीकडे बोट दाखवलं. "मशीन का काढून ठेवलंय?"

"सकाळी नाही लावत. अलीकडे दुपारीही नाही. त्यात भांडी फार वाजतात." ते थोडे ओशाळले. "तिचं बोलणं त्याच्याशिवायच नीट येतं."

बाबांनी विषय बदलला, नेहमीसारखं तिला टोचून. "तू मागे आलीस तेव्हा सगळं घासून पुसून गेलीस. छान केलंस. पण बाई, एक बटण तिरकं बसवलंस. तुमच्या रुग्णालयात चालत असेल. मी आलो आणि सरळ केलं."

बाबा छापखान्यातले जुळारी होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे उलटे वाचून ओळी जुळवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. ओळीत एक अक्षर केसभर वर असलं तरी त्यांना जेवण जायचं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर, पायपुसणं, ताटातला चमचा, सगळं ते जाता जाता सरळ करत. आई म्हणायची, "मी झोपेत वाकडी झाले तर हा माणूस उठून मला सरळ करेल."

संध्याकाळी थोरलीने लाल स्विच पुन्हा लावला आणि खुर्ची ओढून शेगडीसमोर बसली. घड्याळ लावून. चौथ्या मिनिटाला कॉइलवरचा हवेचा पट्टा किंचित थरथरला. सातव्या मिनिटाला किटलीने तोच बारीक सूर धरला जो आई स्वयंपाक करताना ओठ मिटून गुणगुणायची. म्हणजे किटली आईसारखी वाजत होती की आई आयुष्यभर किटलीसारखी गुणगुणली, हे तिला ठरवता येईना. समोर चार शून्यं. ती पुटपुटली, "आई, असशील तर बंद कर." सूर चालूच राहिला. तिने स्विच ओढला, आणि सूर थांबल्यावर घर जास्तच रिकामं वाटलं.

शनिवारी सकाळी तिने बाबांना लाल स्विच लावू दिला नाही आणि मिस्त्रीला बोलावलं. आईच्या फोनवहीत त्याचा नंबर 'शेगडी' या नावाने होता. आला तो साठीचा, गुडघे कुरकुरणारा, खांद्याला पिशवी. शेगडी बघून त्याने हात जोडले.

"बाई गेल्याचं कळलं होतं. यायला हवं होतं मी. काय झालंय हिला?"

थोरलीने सांगितलं. चारही बंद, तरी एक तापते.

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं."

"घरात बाई गेली की शेगडीबद्दल फार फोन येतात," मिस्त्री पिशवी उघडत म्हणाला. "पण ताई, शेगडीला भूत लागत नाही. लागलाच तर माणसाला शॉक लागतो."

त्याने बटणं निरखली. मागच्या डाव्या कॉइलच्या बटणावर बोट टेकवलं आणि थांबला. खिशातून चष्मा काढला. अंगठ्याने बटणाची कड चाचपली.

"इथला ठिपका कुठे गेला?"

"कुठला?"

"लाल. नखाला लावायच्या रंगाचा. हे बटण या शेगडीचं नाहीच. मूळचं फुटलं. कंपनीचं मिळेना. मी दुसऱ्या शेगडीचं बसवलं, पण त्याचं भोक जरा फिरलेलं. म्हणजे कॉइल बंद असते तेव्हा याचं शून्य वर येत नाही. घड्याळात एक वाजतो ना, तिकडे येतं. मी बाईंना म्हटलं, आणखी चांगलं मिळालं की बदलतो. त्या म्हणाल्या, कशाला, मी खूण करते. जिथे खरं बंद, तिथे लाल ठिपका. या बटणावर शून्य बघायचं नाही, ठिपका बघायचा."

त्याने बटण उजवीकडे किंचित फिरवलं. टक असा लहानसा आवाज झाला. शून्य तिरकं झालं.

"हे बंद," मिस्त्री म्हणाला. मग शून्य पुन्हा वर आणलं. "आणि हे चालू. सगळ्यात मंद. कुणीतरी शून्य बघून सरळ केलेलं दिसतंय. टक ऐकू आला असता तर कळलं असतं."

थोरलीला आठवलं. आईला जाऊन तीन आठवडे झाले होते. ती या ओट्याशी उभी होती आणि रडू येऊ नये म्हणून घासत होती. चारही बटणं ओढून काढली, साबणाच्या पाण्यात टाकली. एकावर सुकलेल्या सॉससारखा लाल डाग होता. नुसत्या घासणीने निघेना म्हणून तिने पर्समधलं स्पिरिट कापसावर घेतलं होतं. निघाल्यावर तिला बरंसुद्धा वाटलं होतं. त्या दिवसातली तेवढी एकच गोष्ट तिच्या मनासारखी झाली होती.

"मी पुसला," ती म्हणाली.

मिस्त्रीने चष्मा खिशात ठेवला. "मग भूत सापडलं," तो म्हणाला, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून हसला नाही. त्याने जुन्या सामानातून बरोबर भोकाचं बटण शोधून बसवलं, खुणेचा दिवा बदलला, आणि चारही कॉइल एकेक करून चालू-बंद करून दाखवल्या. दिवा लागला, विझला. निघताना त्याने एकदा चारही कॉइलवर हात धरला. आईनेच त्याला ही सवय लावली असावी.

थोरलीने अंगणात जाऊन धाकट्याला फोन केला.

"चूक माझी होती," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. डाग, स्पिरिट, शून्य. काही राखून ठेवलं नाही.

"म्हणजे बाबा शेगडी चालू ठेवून विसरत नव्हते," धाकटा म्हणाला.

"ते दर वेळी बंद आहे ना म्हणून बघत होते. बघून सरळ करत होते."

"मी त्यांना काय काय बोललो, ताई."

"मला माहीत आहे."

"मग राहू देत तिथे. मी उद्या येतो, पण नुसता जेवायला."

ती फोन खिशात टाकून आत आली तेव्हा जिंकल्यासारखी चालत होती. बाबा स्वयंपाकघरात होते. लाल स्विच लावलेला. ते किटलीवर तळहात ठेवून उभे होते, ताप बघायला ठेवतात तसा.

"आज उशीर झाला तिला," ते म्हणाले.

थोरलीला त्या क्षणी काहीही खोटं सांगता आलं असतं. पण शेगडीच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही, एवढं ती या घरात शिकली होती. तिने टेबलावरचं मशीन उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कानात घातलं. मग तिने सांगितलं. जुनं बटणही दाखवलं. ते त्यांनी खिळा धरावा तसं चिमटीत धरलं, प्रकाशात फिरवलं, भोकाची फिरलेली कड त्यांना लगेच दिसली.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून मीच," ते म्हणाले.

"आपण दोघांनी, बाबा. पण आता काही काळजी नाही. धाकटा तयार आहे. तुम्ही इथेच राहायचं. तुम्ही काही विसरत नाही."

"मी विसरतो असं मी कधी म्हटलं?" ते खुर्चीत बसले. बटण टेबलावर ठेवलं, आणि ते तिरकं पडलं तरी त्यांनी ते सरळ केलं नाही. "धाकट्याचं घर आवडत नाही म्हणून मी नको म्हणत होतो, असं नाही. घर काय, कुठलंही बरं. मी म्हटलं, रोज सकाळी ती इथे येणार, पाणी तापवणार, आणि मीच नसलो तर?"

थोरलीने त्यांच्या हातावर हात ठेवला. तो गार होता.

"धाकट्याला फोन लाव," बाबा म्हणाले. "म्हणावं, गाडी घेऊनच ये."

"बाबा, तुम्ही आता उगाच..."

"उगाच नाही. एकट्याने राहायची मला सवय नाही." त्यांनी कानातलं मशीन नीट बसवलं. "तिकडे थंडी जास्त असते ना गं? माझे लोकरीचे कपडे तिने कुठे ठेवलेत, मला ठाऊक नाही. तुला सापडतील का बघ."

थोरली उठली आणि आतल्या खोलीत कपाट उघडायला गेली.