बुवाची भूमिका

मल्हारीने आंब्याच्या सालीचा रस तळव्यांना चोळला, भगवी कफनी सावरली आणि चुन्याच्या निवळीने भरलेल्या परातीपुढे मांडी घातली.

"ॲक्शन," तो स्वतःच म्हणाला.

भोंदूगिरी उघडी पाडणारा हा लघुपट त्याचा होता. लेखन त्याचे, दिग्दर्शन त्याचे आणि बुवाची भूमिकाही त्याचीच. हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या या गृहस्थाला साऱ्या डोंगरकडा गावात दुसरा लायक नट आढळला नव्हता. 'कट' म्हणण्याचा अधिकारही त्याने स्वतःकडेच राखला होता. कॅमेरा तेवढा रागिणीकडे, त्याच्या जुन्या विद्यार्थिनीकडे होता.

काविळीच्या रोग्याचे काम करणाऱ्या पंचफुलाबाई पुन्हा हसल्या.

"काकू, तुम्ही आजारी आहात."

"व्हय हो सर. पर तुमी असे डोळे फिरवून राहिल्यावर मानसानं करावं काय?"

त्या पाणी प्यायला उठल्या. कॅमेरा चालूच होता. तेवढ्यात बघ्यांतून एक तरुण बाई पुढे आली आणि मुलाला मांडीवर घेऊन रिकाम्या जागी बसली. कॅमेरा तिने पाहिला होता. हल्ली तो प्रत्येक महाराजापुढे असतो. मुलाचे डोळे हळदीसारखे पिवळे होते.

"महाराज, लेकराला हिंगोलीला दवाखान्यात नेऊन राहिले होते. तुमी दिसले. उतरवता का?"

मल्हारीची नजर मुलाच्या डोळ्यांवर थबकली. तिथून ती बाईच्या चेहऱ्यावर पडलेल्या उन्हाकडे सरकली. त्याने बोटाने रागिणीला जवळ येण्याची खूण केली.

मग मुलाचे हात आपल्या तळव्यांत चोळून त्याने निवळीत बुडवले. पाणी पिवळे झाले.

"उतरली," तो घनगंभीर आवाजात म्हणाला.

बाईला रडू फुटले. सकाळपासून त्याला हवे होते, अगदी तसेच.

"कट!"

बाई मुलाला कडेवर घेऊन उठली आणि बसथांब्याकडे पाठ करून चालू लागली.

"सर, ती घरी चालली," रागिणी म्हणाली. "दवाखाना ऱ्हायला."

बाईला परत बोलावले. तिचे नाव निता. मल्हारीने तिला रस, चुना आणि रंग यांचा संबंध वर्गात सांगावा तसा समजावला.

"हे नाटक आहे, ताई. मी प्राध्यापक आहे."

"पानी पिवळं झालं की. माझ्या डोळ्यानं पाह्यलं."

डोळ्यांवर विसंबणाऱ्याला डोळ्यांदेखतच दाखवावे, या विचाराने त्याने दुसऱ्या परातीत ताजी निवळी ओतली आणि आपले हात धुतले. पाणी पिवळेधमक झाले.

निताने तोंडावर पदर धरला. "लेकराची पीडा तुमी अंगावर घेतली, महाराज?" तिने त्याचे पाय धरले.

मल्हारी ओरडला. प्रयोग, रसायन, मूर्खपणा असे शब्द त्याने वापरले. तिने पाय सोडले नाहीत.

"सर," रागिणी हळूच म्हणाली, "तुमचं न्हाई ऐकायची ती. बुवालाच सांगू द्या."

कफनीची गाठ सोडू पाहणारा त्याचा हात थांबला. त्याने छाती काढली, डोळे फिरवले आणि तळवा निताच्या डोक्यावर ठेवला.

"माय, वरची उतरली. आतली रक्तात हाय. आत्ताच हिंगोलीला जा, डॉक्टरला रक्त दाखव. न्हाई गेलीस, तर माझी विद्या उलटंल."

निता थांब्याकडे जवळजवळ धावतच गेली. पंचफुलाबाई या वेळी हसल्या नाहीत.

"कॅमेरा चालूच ऱ्हायला, सर," रागिणी म्हणाली. "हे पुसून टाकू ना?"

मल्हारी धुळीतल्या वाटेकडे पाहत राहिला.

"थांब," तो म्हणाला. "शेवटी माझा चेहरा नीट आलाय का, ते आधी बघ."